भिंतीला भिंत: आबादानच्या शेजाराविषयी

इराणच्या नैर्ऋत्य टोकाला, शत्त-अल-अरब आणि बहमनशीर या दोन प्रवाहांच्या मधल्या बेटावर आबादान हे तेलशुद्धीकरणाचे शहर वसले आहे. या शहरात एक आर्मेनियन चर्च आणि एक मशीद अगदी भिंतीला भिंत लावून उभी आहेत. त्या दोहोंचे एकत्रित छायाचित्र आबादानविषयीच्या लेखनात इतक्या वेळा येते की ते आता त्या शहराची मुद्राच होऊन बसले आहे. छायाचित्राखालचे वाक्यही बहुधा ठरलेले असते: येथे नाना वंशांचे आणि धर्मांचे लोक गुण्यागोविंदाने नांदत होते.

हे वाक्य खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. ते अपुरे आहे, आणि अपुरेपणामुळेच गोड झालेले आहे. आबादानचे सहजीवन खरे होते. परंतु ते कोणी उदारपणे बहाल केलेले नव्हते, आणि त्यात सर्वांचा वाटा सारखाही नव्हता. कंपनीने आखून दिलेल्या रेषा ओलांडत, कधी त्या रेषांच्या सांदीकोपऱ्यांत, ते लोकांनी घडवले. त्याची जी स्मृती पुढे साहित्यात उतरली, तिच्यात ज्यांची ती मूळ जमीन होती त्या अरबांचा आवाज सर्वांत क्षीण राहिला. म्हणून सहजीवनाची परीक्षा कोण कोणाशेजारी राहत होता एवढ्यावर संपू नये असे आम्हांस वाटते. शेजाऱ्याला आपल्या भाषेत आपली गोष्ट सांगता आली का, हा प्रश्न विचारल्याखेरीज ती पूर्ण होत नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी आबादानकडे वळावे ते या प्रश्नासाठी.

प्रारंभ नावापासूनच करू. शहराचे जुने नाव ‘अब्बादान’. त्याचा आरंभ अरबी लिपीतल्या ‘ऐन’ या अक्षराने होत असे. मध्ययुगीन भूगोलकार ते अब्बाद नावाच्या पुरुषाशी जोडतात. इस्लामच्या पहिल्या शतकांत हे साधकांचे, विरक्तांचे ठाणे होते. येथल्या चटया नावाजलेल्या होत्या. चौदाव्या शतकात इब्न बतूता येथे येऊन गेला. अब्बादानच्या पलीकडे गाव नाही, अशा अर्थाची एक अरबी म्हण होती. जमिनीचे शेवटचे टोक, त्यापुढे केवळ पाणी. १९३५ मध्ये रझा शाहच्या राजवटीत नावांचे जे फारसीकरण झाले, त्यात ‘ऐन’ जाऊन ‘आ’ आला आणि अब्बादानचे आबादान झाले. शेजारचे मोहम्मेरा तर समूळ पुसले जाऊन खुर्रमशहर बनले. ‘आबाद’ हा शब्द मराठीलाही परका नाही. ‘आबादीआबाद’ म्हणताना आपण फारसीच बोलत असतो. त्यामुळे नवे नाव आपल्या कानाला अधिक भरभराटीचे वाटते. पण एका अक्षराच्या या अदलाबदलीत एक अरबी भूतकाळ कानाआड झाला, हेही त्याबरोबरच ध्यानात घ्यावयास हवे.

मे १९०८ मध्ये मस्जिद सुलेमान येथे तेल सापडले. १९०९ मध्ये अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षी मोहम्मेराचा अरब अधिपती शेख खझल याच्याशी करार करून कंपनीने आबादान बेटावरची जमीन मिळवली. १९१२ मध्ये शुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला. बेटावर तोवर खजुरांच्या बागा राखणाऱ्या अरब कुळांची वस्ती होती. आता डोंगरांतून बख्तियारी आणि लूर आले. शुश्तर, दिझफूल, बेहबहान, बुशेर, इस्फहान येथून मजूर आणि दुकानदार आले. आर्मेनियन आणि असीरियन आले. वरच्या जागांवर ब्रिटिश आले. कंपनीची जननी बर्मा ऑइल असल्याने ब्रह्मदेश आणि हिंदुस्थान येथून कसबी कामगार आणि कारकून आणले गेले. त्यांत पंजाबचे शीख आणि मुसलमान होते, मुंबई आणि कराचीच्या बंदरांतून बोटीवर चढलेले फिटर होते, गोव्याचे कारकूनही होते. कारखान्याच्या लगत या पूर्वेकडच्या मुसलमान कामगारांनी बांधलेली, रंगीत नक्षीची मशीद आजही ‘रंगूनी लोकांची मशीद’ म्हणूनच ओळखली जाते.

एवढी माणसे एकत्र आली म्हणजे सरमिसळ होणारच, असे आपण सहज गृहीत धरतो. कंपनीने मात्र ती होऊ नये याची बारकाईने तजवीज केली होती. ब्रिटिश वरिष्ठ, हिंदी कारकून आणि कारागीर, इराणी मजूर अशी उतरंड होती. पगार, बस, क्लब, दवाखाना आणि घर हे सारे त्या उतरंडीनुसार वाटले जाई. ब्रेम या भागात हिरवळीचे आणि कुंपणाच्या मेंदीचे बंगले, त्यात साहेब. बवार्दा ही वसाहत जेम्स विल्सन या वास्तुकाराने आखली. हा विल्सन न्यू दिल्लीच्या उभारणीत एडविन लट्यन्स यांच्या हाताखाली काम केलेला; म्हणजे दिल्लीत गिरवलेला धडाच त्याने खुझेस्तानात पुन्हा मांडला. ब्रिटिश आणि इराणी एकत्र राहतील अशी वसाहत म्हणून बवार्दाचा गाजावाजा झाला, परंतु तेथे प्रवेश होता तो वरच्या श्रेणीतल्या इराण्यांनाच. मजुरांपैकी बहुसंख्य लोक कंपनीच्या आखीव नकाशाबाहेर, अहमदाबादसारख्या दाट वस्तीत, किंवा त्याहूनही वाईट म्हणजे कागझाबादसारख्या झोपडपट्टीत राहत. कागझाबाद या नावातही ‘आबाद’ आहेच. कागदाचे गाव! अशी नावे ठेवायला दारिद्र्याजवळ विनोदबुद्धी लागते.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. वंश हा या शहरात केवळ घरून आणलेला वारसा नव्हता. कारखान्यात तो नव्याने घडवला जात होता. अमुक म्हणजे पहाऱ्याचा माणूस, तमुक म्हणजे हिशेबाचा, अमुक म्हणजे ओझ्याचा, अशी वाटणी झाली की माणूसही हळूहळू आपल्याविषयी तसाच बोलू लागतो. वंशभेद पुरातन असतात आणि उद्योग ते मोडून काढतो, ही समजूत आपल्याकडेही प्रिय आहे. आबादानचा इतिहास तिला दुजोरा देत नाही.

मग सहजीवन कोठे होते? ते नकाशाबाहेर होते. बाजारात, खाण्यात, बोलीत, सिनेमागृहाच्या रांगेत. आबादानचा माणूस आजही अभिमानाने ज्या पदार्थांची नावे घेतो त्यांत फलाफल आहे, सम्बूसे आहे आणि पाकोरे आहे. फलाफल अरबांकडचे. पाकोरे म्हणजे आपली पकोडी, हिंदी कामगारांच्या चुलीवरून थेट आबादानच्या पदपथावर आलेली. सम्बूसेची कथा अधिक रंजक आहे. ‘समोसा’ हा शब्द मुळात फारसी. तो इराणातून हिंदुस्थानात आला, येथे तिखट झाला, आणि हिंदी कामगारांच्या डब्यातून इराणच्या किनाऱ्यावर परत गेला. निघाला तो पाहुणा म्हणून, परतला तो शेजारी होऊन. असला प्रवास कोणत्याही कंपनीच्या योजनेत बसत नाही.

बोलीचेही तसेच. आबादानी फारसीत इंग्रजी आणि हिंदी शब्दांची अशी काही भर पडली की तेहरानच्या माणसाला ती ऐकताना मौज वाटते. कारखान्याच्या भोंग्याला तेथे ‘फेदूस’ म्हणतात, आणि सारे शहर त्याच्यावर घड्याळ लावत असे. भोंग्यावर दिवस कातरला जाणे म्हणजे काय, हे मुंबईच्या गिरणगावाचे साहित्य वाचलेल्यांना निराळे सांगावयास नको. भोंगा कोणाचा वंश पाहून वाजत नाही, आणि त्यामुळे त्याच्याभोवती एक नवी ओळख जमू लागते. आबादानात ती जमली. आपल्या पिवळ्या पोशाखातल्या फुटबॉल संघामुळे स्वतःला इराणचे ब्राझील म्हणवून घेणारा, रे-बॅनचा काळा चष्मा लावणारा, बढाया मारणारा आबादानी माणूस हे इराणी विनोदातले एक पक्के पात्र आहे. पण विनोदाआड पाहिले तर दिसते ते असे: लूर, बुशेरी, आर्मेनियन, बेहबहानी या साऱ्यांची मुले एका पिढीत स्वतःला आधी ‘आबादानी’ म्हणू लागली होती. गावाच्या नावाने ओळख सांगणे ही साधी बाब नव्हे. कुळाच्या आणि पंथाच्या नावांना दिलेला तो पर्याय असतो.

या पर्यायाचे बळ किती आणि दौर्बल्य किती, हे दोन प्रसंगांतून कळते. १९२० मध्ये हिंदी कामगारांनी वेतनवाढीसाठी संप केला तेव्हा स्थानिक इराणी कामगारही त्यांच्या मागोमाग उतरले आणि कंपनीला वेतन वाढवावे लागले. भाषा एक नव्हती, धर्म एक नव्हता, पगारही एक नव्हता. तरी मागणी एक होऊ शकली. १९२२ मध्ये हिंदी कामगार पुन्हा संपावर गेले, तेव्हा मोठ्या संख्येने त्यांना बोटीत बसवून परत पाठवण्यात आले. कंपनी धडा शिकली होती. दुसरा प्रसंग जुलै १९४६ चा. तेल कामगारांचा प्रचंड संप झाला. तूदेह पक्षाच्या प्रभावाखालील कामगार संघटनेसमोर अरब टोळीप्रमुखांची संघटना उभी करण्यात आली आणि तिला ब्रिटिशांचे पाठबळ होते. आबादानच्या रस्त्यांवर दंगल उसळली, डझनावारी माणसे मारली गेली. संपाची लढाई पाहता पाहता अरब विरुद्ध इराणी अशी झाली.

या दोन तारखा शेजारी ठेवल्या की आठवणींतल्या गुण्यागोविंदाचे खरे मोल कळते. तेच शहर, तोच कारखाना, बरीचशी तीच माणसे. एकदा एकमेकांच्या मागे उभी राहिली, एकदा एकमेकांच्या अंगावर गेली. सहजीवन हा त्या शहराचा स्वभाव नव्हता, तसे वैरही नव्हते. दोन्ही शक्यता हाताशी होत्या; आणि त्यांपैकी कोणती उचलली जावी यात सत्ताधाऱ्यांना मोठा रस होता. पुढे मार्च १९५१ मध्ये तेलाचे राष्ट्रीयीकरण झाले, ऑक्टोबरमध्ये ब्रिटिशांनी आबादान सोडले, ऑगस्ट १९५३ मध्ये मोसाद्देग यांचे सरकार उलथवले गेले आणि परकीय कंपन्यांचा संघ आला. घरांची वाटणी करणारे हात बदलले. श्रेणीनुसार घर ही पद्धत मात्र राहिली.

आता साहित्याकडे येऊ. इराणच्या दक्षिणेने आधुनिक फारसी साहित्याला आणि चित्रपटाला जे दिले ते संख्येनेही लहान नाही. नजफ दर्याबंदरी यांच्यासारखा थोर अनुवादक आबादानचा. आमीर नादेरी आणि नासेर तकवाई हे दिग्दर्शक आबादानचे. अहमद महमूद मात्र अहवाझचे. त्यांच्या १९७४ सालच्या कादंबरीचे नावच ‘हमसायेहा’, म्हणजे शेजारी. एका चौकाभोवती दाटीने राहणारी अनेक बिऱ्हाडे, आणि तेलाच्या राष्ट्रीयीकरणाच्या दिवसांत त्या चौकातून रस्त्यावर येणारा एक पोरगा, असा तिचा विस्तार आहे. वाड्यांचे आणि चाळींचे साहित्य वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला हा चौक अनोळखी वाटणार नाही.

परंतु आबादानच्या सहजीवनाचा विषय निघाला की आज पहिले नाव घेतले जाते ते झोया पीरझाद यांचे. १९५२ साली आबादानात जन्मलेल्या या लेखिकेची ‘दिवे मी मालवते’ अशा अर्थाच्या नावाची कादंबरी २००१ मध्ये आली आणि इराणात अमाप वाचली गेली. साठीच्या दशकातले आबादान, तेल कंपनीतल्या नोकरदाराचे आर्मेनियन घर, आणि त्या घराची गृहिणी क्लारिस. मुलांची शाळा, पाहुण्यांचे जेवण, आईची आणि बहिणीची बोलणी, शेजारी नव्याने राहायला आलेले कुटुंब. एवढ्याशा ऐवजातून पीरझाद एका स्त्रीच्या मनातला खळबळीचा काळ उभा करतात. आम्हांस या कादंबरीचे मोठेपण जाणवते ते तिच्या संकोचात. आर्मेनियन चर्च, आर्मेनियन शाळा, आर्मेनियन नातेवाईक. क्लारिसचे जग सुरक्षित आहे आणि म्हणूनच बंद आहे. स्त्रियांच्या मताधिकारासाठी धडपडणारी एक मुस्लिम बाई तिला भेटते तीही नवऱ्याच्या कचेरीतली सहकारी म्हणून. दोघी एकाच गावातल्या, पण भेट घडायला कचेरीची वाट लागते. शेजार म्हणजे सलगी नव्हे, हे पीरझाद एकही मोठा शब्द न वापरता सांगून जातात.

म्हणूनच या कादंबरीचा उपयोग ‘तेव्हा सारे कसे मिळून राहत होते’ याच्या पुराव्यादाखल केला जातो तेव्हा आम्ही अस्वस्थ होतो. तिने दाखवलेली भिंत न पाहता तिच्यावर चढलेली वेल तेवढी पाहण्यासारखे ते आहे.

आणि अरब? येथेच सर्वांत मोठी पोकळी आहे. शेख खझलला १९२५ मध्ये पकडून तेहरानला नेल्यानंतर खुझेस्तानच्या अरबांचे राजकीय वजन संपले, त्यानंतर भाषेचेही. इराणी गणराज्याच्या १९७९ च्या संविधानातील पंधरावे कलम प्रादेशिक भाषांचे साहित्य शाळेत शिकवण्याची मुभा देते. सोळावे कलम अरबी ही धर्मग्रंथाची भाषा म्हणून प्राथमिक शाळेनंतर सक्तीने शिकवावी असे सांगते. या दोन कलमांच्या मध्ये आबादानचे अरब मूल उभे आहे. शाळेत त्याला अरबी शिकवली जाते, पण ती व्याकरणाची आणि ग्रंथाची. जिच्यात त्याची आजी त्याला हाक मारते त्या अरबीला वर्गात जागा नाही, शिक्षणाचे माध्यम फारसीच. आपलीच भाषा परकी होऊन आपल्यापुढे येणे ही किती विचित्र शिक्षा आहे, याची कल्पना प्रमाणभाषेच्या आणि बोलीच्या वादात रोज सापडणाऱ्या आपल्या शिक्षकांना करता यावी. ‘आबादानी’ या नव्या ओळखीचे दार सर्वांना खुले होते हे खरे. मात्र आत शिरण्याची भाषा फारसी होती. बुशेरीला आणि बख्तियारीला ती जड गेली नाही. आर्मेनियनांजवळ स्वतःची शाळा आणि चर्च होते. अरबांजवळ होती ती फक्त जमीन, आणि ती तर आधीच गेली होती.

यावर असे म्हटले जाईल की, आर्मेनियन घराची गोष्ट सांगणाऱ्या लेखिकेने अरबांचीही गोष्ट सांगावी ही मागणी अन्यायाची आहे. आम्हांस हे मान्य आहे. लेखकाने आपल्या ओसरीवरूनच पाहावे; तेथूनच खरे दिसते. आमची मागणी वाचकाकडे आहे. एका ओसरीवरून दिसलेले गाव म्हणजे सारे गाव, असे त्याने समजू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यांचे शहर उद्ध्वस्त झाले त्यांच्या स्मरणरंजनावर चिकित्सेची कात्री चालवणे हे क्रौर्य नव्हे काय? १९ ऑगस्ट १९७८ रोजी रेक्स सिनेमागृह पेटवले गेले आणि सुमारे चारशे प्रेक्षक जळून मेले. सप्टेंबर १९८० मध्ये इराकने आक्रमण केले. दररोज सहा लाख पिंपांहून अधिक तेल शुद्ध करणारा कारखाना तोफांखाली धुमसत राहिला. सप्टेंबर १९८१ मध्ये वेढा उठला तोवर शहर रिकामे झाले होते. १९७६ च्या जनगणनेत जवळपास तीन लाख असलेली वस्ती १९८६ च्या जनगणनेत सहा भरली. सहा लाख नव्हे, सहा हजार नव्हे, सहा माणसे. उरलेली शिराझ, इस्फहान, तेहरान येथे विखुरली आणि ‘जंगजदे’, म्हणजे युद्धाने मारलेली, या नावाने ओळखली जाऊ लागली. ज्यांना परक्या गावात हे नाव चिकटले त्यांनी आपल्या गावाची आठवण उजळ करून सांगितली, यात नवल काय? ती बढाई नव्हती. स्वतःची मान ताठ ठेवण्याचा तो एक उपाय होता.

हे सारे मनापासून मान्य करूनही आम्ही म्हणतो की प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण त्याच युद्धाने अरबांपुढे सर्वांत कठीण पेच टाकला. सद्दाम हुसेनने खुझेस्तानच्या अरबांना ‘मुक्त’ करण्याची भाषा केली. ते उठाव करतील ही त्याची अपेक्षा होती. बहुसंख्य अरबांनी तो केला नाही. त्यांचीही घरे पडली, त्यांचीही माणसे मेली, तेही निर्वासित झाले. तरी त्यांच्या निष्ठेविषयीचा संशय मात्र सरला नाही. एप्रिल २००५ मध्ये अहवाझमध्ये आणि जुलै २०२१ मध्ये पाण्याच्या प्रश्नावर साऱ्या खुझेस्तानात लोक रस्त्यावर आले तेव्हाही त्यांच्या तक्रारीआधी त्यांची ओळख तपासली गेली. ज्या शेजाऱ्याने संकटात साथ सोडली नाही, त्याची गोष्ट ऐकून घेणे हे सहजीवनाचे किमान देणे होते. ते अजून फिटलेले नाही.

मग आबादानची आठवण टाकून द्यावी काय? मुळीच नाही. ज्यांच्या मते ते सारे वसाहतवादाचे नाटक होते, त्यांच्याशी आमचे जमत नाही. पाकोरे नाटक नव्हते. १९२० चा संप नाटक नव्हता. एकाच सिनेमागृहात शेजारी बसून हसणे हेही नाटक नव्हते. उंचसखल जमिनीवर, दुसऱ्याने आखलेल्या गल्ल्यांत, सामान्य माणसांनी एकमेकांना सांभाळून घेतले. आणि ते अवघड होते म्हणूनच आदरास पात्र आहे. ते सोपे होते असे सांगून आपण त्यांच्या कर्तृत्वाचीच किंमत कमी करतो.

२०१६ च्या जनगणनेत आबादानची वस्ती पुन्हा सव्वादोन लाखांवर गेलेली होती. लोक परतले, कारखाना पुन्हा उभा राहिला. चर्च आणि मशीद यांची भिंतीला लागलेली भिंतही शाबूत आहे. आमच्या विद्यार्थ्यांपुढे ते छायाचित्र येईल तेव्हा त्यांनी त्याकडे अवश्य कौतुकाने पाहावे. नंतर थोडे थांबून त्यांनी विचारावे की या दोन भिंतींखालची जमीन आधी कोणाच्या खजुराच्या बागेची होती, आणि त्या बागेतल्या माणसाचे नातवंड आज कोणत्या भाषेत लिहिते. या प्रश्नाचे उत्तर ज्या दिवशी एखाद्या कादंबरीतून मिळेल, त्या दिवशी छायाचित्राखालचे ते ठरलेले वाक्य आम्हीही निःशंकपणे लिहू.